बतावणीचा तास

नमस्कार श्रोतेहो.

"सन्माननीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." बघा, ऐकता ऐकता तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पुढचे शब्द मनात म्हटले असतील. शाळेत स्मार्ट बोर्ड आले, पोरांच्या हातात मोबाईल आले, तरी पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला हेच चालू आहे. भाषण बाबांनी लिहून दिलेलं नाहीतर यूट्यूबवरून उतरवलेलं, मुलानं रात्रभर घोकलेलं, आणि मध्येच एक ओळ विसरली की मूल वर पत्र्याकडे बघतं, ओठ चावतं आणि परत पहिल्यापासून सुरू करतं. टाळ्या होतात, पेन मिळतो, विषय संपला. मी मराठी शिकवते, आमच्या बीडकडच्या एका शाळेत, आणि मला मनापासून वाटतं की याला आपण बोलायला शिकवणं म्हणू नये. समोर माणसं बसलीत, त्यांना काय कळतंय, काय नाही, याच्याशी त्या मुलाचा काही संबंधच येत नाही.

मग बोलायला शिकवायचं कसं? माझं उत्तर आहे बतावणी.

तमाशात गण होतो, गवळण होते आणि वगाच्या, म्हणजे मुख्य नाट्याच्या, आधी बतावणी येते. सरदार किंवा पाटील सरळ बोलतो आणि सोंगाड्या त्याच्या प्रत्येक शब्दाचा भलताच अर्थ काढतो. कागदावर लिहिलेलं फारसं काही नसतं, जागच्या जागी सुचतं ते बोलायचं. आता तमाशा म्हटलं की काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, मला माहितीये, पण संवाद शिकवायला इतकी चांगली पद्धत आपल्या मातीत पडलेली असताना ती वर्गात का आणायची नाही? आम्ही दोघादोघांच्या जोड्या करतो. एक म्हणतो, "अरे, गणिताचा पेपर फुटला!" दुसरा म्हणतो, "अरारारा, कुणाला लागलं तर नाही ना?" "लागलं नाही रे, बाहेर गेला!" "चालत गेला का एसटीनं?" "मोबाईलवरून गेला!" "मग रिचार्ज कुणी मारला?" असं चालू राहतं, वर्ग हसून हसून बेजार होतो.

पण यात खरं काम कोण करतंय ते बघा. सोंगाड्या झालेल्या पोराला समोरच्याचा शेवटचा शब्दन्‌शब्द पकडावा लागतो. आपलं आधीच ठरवून आणलेलं वाक्य तो फेकू शकत नाही कारण ते बसतच नाही, लगेच पडतं, आणि पडलं की त्याला त्याच क्षणी कळतं, मला लाल पेनानं सांगावं लागत नाही. म्हणजे विनोदाच्या निमित्तानं मी त्याला ऐकायला शिकवतेय. आपण वर्षानुवर्षं मुलांना "नीट बोल, मोठ्यानं बोल, उभं राहून बोल" सांगतो, नीट ऐकायचं कसं ते कुणी शिकवत नाही, फक्त "लक्ष दे" म्हणून ओरडतो.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे ऊसतोड कामगारांची मुलं असतात, दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर कारखान्याकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात, मधलं सगळं शिकवणं बुडालेलं असतं. अशीच एक मुलगी, सातवीतली, हजेरीला "हजर" सोडून दुसरा शब्द तोंडातून निघायचा नाही. बतावणीत समोरच्या मुलानं मुकादम, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा ठेकेदार, व्हायचं ठरवलं आणि विचारलं, "किती कोयते आणलेस?" ती म्हणाली, "एक." "धार आहे का त्याला?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "निम्म्याला आहे. आईला. बाबा शांत आहेत." ज्यांच्या घरी हे काम आहे ती मुलं आधी खदखदून हसली, बाकीची बघत राहिली, कारण मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता हे त्यांना माहितीच नव्हतं. मग तिनंच समजावून सांगितलं, उचल कशी घेतात, पहाटे फडात किती वाजता जातात, मोळी कशी बांधतात, गाडी भरायला रात्री कधीही उठावं कसं लागतं, सगळं. तास संपला तरी सांगत होती. निबंध लिही म्हटलं असतं तर दोन ओळी आल्या असत्या.

असं काम जगात इतर ठिकाणीही झालंय बरं का. अमेरिकेत शिकागोला व्हायोला स्पोलिन नावाच्या बाई होत्या, त्यांनी १९३०च्या दशकात स्थलांतरितांच्या, गरीब वस्तीतल्या मुलांबरोबर नाटकाचे खेळ बसवले. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या घरांतली ही मुलं, त्यांना एकमेकांशी मोकळं करायचं होतं. त्यांचा आरशाचा खेळ प्रसिद्ध आहे, दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एक जण हळूहळू हलणार, दुसरा त्याचा आरसा. आणि पुढे २००९ साली अभिनेते अ‍ॅलन अल्डा यांच्या पुढाकारानं न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक युनिव्हर्सिटीत एक केंद्र सुरू झालं, तिथं हेच खेळ चक्क शास्त्रज्ञांना आणि डॉक्टरांना शिकवतात. अल्डांनी टीव्हीसाठी शास्त्रज्ञांच्या खूप मुलाखती घेतल्या होत्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गप्पा मारताना माणूस किती सोपं आणि छान बोलतो आणि तोच कॅमेऱ्याकडे वळून लेक्चर द्यायला लागला की सगळं अवघड होऊन बसतं. पीएचडी झालेल्या माणसांना जर याची गरज पडते तर आमच्या सातवीच्या पोरांना का नको!

विनोदानं अभ्यास मागे पडतो असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ अव्नेर झिव्ह यांनी संख्याशास्त्रासारख्या रुक्ष विषयाच्या वर्गांवर प्रयोग केला आणि तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. ज्या वर्गात विषयाला धरून, मोजका विनोद होता त्या वर्गाला परीक्षेत जास्त मार्क पडले. विषयाला धरून आणि मोजका, हे दोन्ही महत्त्वाचं. शिक्षकानं व्हॉट्सअ‍ॅपवरचे जोक वाचून दाखवले तर घटकाभर मजा येईल, बाकी काही हाती लागणार नाही.

आणि आमच्या मराठवाड्याला तर हे कुणी बाहेरून येऊन सांगायची गरजच नाही. सोळाव्या शतकात पैठणला नाथांनी भारुडात काय केलं? अध्यात्म सांगायचं होतं, पण बोलायला लावलं कुणाला, तर वासुदेवाला, जोशाला, विंचू चावलेल्या माणसाला, सासरच्यांना कंटाळून भवानीआईला रोडगा कबूल करणाऱ्या सुनेला. लोक हसत हसत ऐकायचे. यावरून आम्ही एक खेळ करतो, निरोप एकच, उद्या नळाला पाणी येणार नाही, तो दवंडीवाल्यानं कसा सांगावा, आजीनं शेजारणीला कसा, क्रिकेटच्या कॉमेंटेटरनं कसा आणि टीव्हीच्या अँकरनं ब्रेकिंग न्यूज म्हणून कसा! ऐकणारा बदलला की बोलणं बदलतं हे मुलांना व्याख्या न देता समजतं. चित्रांवरही असंच करता येतं. शि. द. फडणीस यांची हास्यचित्रं बिनशब्दांची असतात, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांनाही त्यांची चित्रं होती, तसं एखादं चित्र फळ्यावर लावायचं आणि चित्रातला माणूस काय म्हणत असेल ते मुलांना विचारायचं.

आता एक नियम, आणि तो मी फार कडक पाळते. कुणाच्या बोलीवर हसायचं नाही. 'पाणी'ला 'पानी' म्हटलं म्हणून हसलेलं हसू मुलाच्या मनात वर्षानुवर्षं राहतं, ते मूल मग हात वर करणंच सोडून देतं. अंगावर, रंगावर, आडनावावर, गरिबीवर, तोतरेपणावर हसायचं नाही. आणि हा नियम पोरांच्या आधी शिक्षकांना लागू आहे, कारण वर्गातली निम्मी चिडवाचिडवी आमच्या एखाद्या टोमण्यावरूनच सुरू होते. ज्या वर्गात मास्तर टोमणे मारतात तिथं बतावणी होत नाही, मुलं जीव मुठीत धरून बसतात, त्यांना सुचणार काय!

आता शिक्षक मित्रमैत्रिणींशी थोडं. दहावीला भाषेचे ८० मार्क लेखी आणि २० अंतर्गत, तोंडी परीक्षा त्यातच येते. मार्च २०१९ च्या परीक्षेला हे २० मार्क काढले होते, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, मोठी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते परत आले. परत आले ते चांगलंच झालं, पण आपण त्यांचं काय करतो? बऱ्याच ठिकाणी बोलण्याची परीक्षा एका दुपारी उरकली जाते, रांगेत उभं करून कविता म्हणून घेतात नाहीतर तेही नाही, सरसकट अठरा-एकोणीस देऊन मोकळे. माझी कळकळीची विनंती आहे, या वर्षी तोंडी घेताना जोड्या करा, विषय पाच मिनिटं आधी द्या, एसटी चुकली, लाईट गेली, आठवडी बाजारात भाव करायचाय, असे साधे, आणि दोघांना दोन-तीन मिनिटं बोलू द्या. मार्क देताना कोण किती बोललं एवढंच बघू नका, समोरच्याचं ऐकून कोण बोललं तेही बघा. पहिल्या आठवड्यात गोंधळ होईल, शेजारच्या वर्गातून तक्रार येईल, हेडसर डोकावून जातील. त्यांनाही आत बोलवा आणि मुकादमाचा नाहीतर पाटलाचा पार्ट द्या.

नमस्कार.