चोलो गेला का नाही?

(माद्रिद, पासेओ देल प्रादो. नेपच्यूनचं कारंजं.)

चोलो म्हणजे दिएगो सिमिओनी, माद्रिदच्या अ‍ॅटलेटिको ह्या फुटबॉल क्लबचा कोच. एवढ्या वर्षांत तो हा क्लब सोडून गेला का नाही, ते बघू. हा नेपच्यून. माद्रिदला समुद्र नाही, तरी समुद्राचा देव भर चौकात उभाय. अ‍ॅटलेटिको माद्रिद काही जिंकली की लोक इथं येतात आणि ह्याच्या गळ्यात लाल-पांढरा स्कार्फ घालतात. इथून जरा पुढं चालत गेलं की सिबेलेसचं कारंजं लागतं, तिथं रिअल माद्रिदवाले जमतात. तिथं गर्दी जास्त वेळा जमते हे खरंय, पण इथं जमते ना तेव्हा लोक रडत असतात.

आता ही जुनी क्लिप बघा. 25 मे 1996, अ‍ॅटलेटिकोचं तेव्हाचं विसेंते काल्देरॉन स्टेडियम, स्पॅनिश लीगच्या सीझनची शेवटची मॅच, समोर अल्बासेते. हा 14 नंबरचा जर्सीवाला, केस काळेभोर, गोल मारून पळत सुटलेला, हा दिएगो सिमिओनी. दुसरा गोल किकोनं मारला, 2-0, आणि अ‍ॅटलेटिको चॅम्पियन. त्याच वर्षी त्यांनी कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा कप, पण जिंकला होता, बार्सिलोनाला हरवून. एका वर्षात दोन्ही कप, कोच होते रादोमिर आंतिच. सिमिओनी मिडफिल्डर, तरी त्या लीगमध्ये त्यानं 12 गोल मारले, बहुतेक वेळा मागनं बॉक्समध्ये घुसून.

हा मुलगा ब्युनॉस आयर्सचा, जन्म 1970 चा. वेलेझ सार्सफील्ड क्लबच्या ज्युनियर टीममध्ये असताना तिथले कोच विक्तोरिओ स्पिनेत्तो ह्यांनी त्याला 'चोलो' म्हणायला सुरुवात केली, कारण पूर्वी बोका ज्युनियर्समध्ये सिमिओनी आडनावाचाच एक खेळाडू होता, कार्मेलो, आणि त्याला चोलो म्हणायचे. नात्याचे दोघं कोणी नव्हेत. नाव चिकटलं ते चिकटलं. मग इटलीत पिसा, मग सेव्हिया, मग 1994 ला अ‍ॅटलेटिको.

आणि हेही सांगायला हवं की 1997 ला तो गेला. इंटर मिलानला गेला, तिथून लाझिओ, तिथं इटलीची लीग जिंकली 2000 साली, आणि नेमकी त्याच सीझनला इकडं अ‍ॅटलेटिको खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली. 2003 ला तो परत आला, वय 33, पाय थोडे जड झालेले, दीड वर्ष खेळला, मग अर्जेंटिनाला रासिंग क्लबमध्ये गेला कारण लहानपणापासून तो रासिंगचाच फॅन. तिथंच 2006 च्या फेब्रुवारीत खेळणं थांबवलं आणि लगेच त्याच टीमचा कोच झाला, मध्ये सुट्टी पण घेतली नाही.

(एस्तुदियांतेस, रिव्हर प्लेट, कातानिया. झटपट क्लिप्स.)

पुढची पाच वर्षं पटापट बघू. एस्तुदियांतेसला 23 वर्षांनी चॅम्पियन केलं. रिव्हर प्लेटला चॅम्पियन केलं आणि पुढच्याच स्पर्धेत रिव्हर तळाला गेली, तिथनं राजीनामा. सॅन लोरेंझो. इटलीत कातानियाला घसरण्यापासून वाचवलं. परत रासिंग, तिथं दुसरा नंबर.

आणि मग डिसेंबर 2011.

अ‍ॅटलेटिको त्या वेळी लीगमध्ये दहाव्या नंबरवर. कोपा देल रेमध्ये तिसऱ्या डिव्हिजनच्या एका टीमनं त्यांना बाहेर काढलं, आणि ती टीम कोणती, तर अल्बासेते! जिच्याविरुद्ध गोल मारून चोलो चॅम्पियन झाला होता तीच. कोच मांझानोंना काढलं आणि ख्रिसमसच्या आधी सिमिओनीला बोलावलं. रासिंग त्याच्या मनातला क्लब, टीम चांगली चाललेली, तरी तो निघाला. नुसत्या जुन्या प्रेमापोटी निघाला असं आम्हाला वाटत नाही, त्याला युरोपात मोठं व्हायचं होतं आणि ते कुठं व्हायचं हे त्याचं ठरलेलं होतं.

त्या काळात अ‍ॅटलेटिकोची हालत काय होती ते एका बॅनरवरनं कळेल. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये रिअलच्या बेर्नाबेऊ स्टेडियमवर त्यांच्या फॅन्सनी जाहिरातीच्या थाटात लिहिलं होतं की बऱ्यापैकी डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन टीमची मॅच, खेळायला लायक प्रतिस्पर्धी पाहिजे. 1999 नंतर अ‍ॅटलेटिकोनं रिअलला एकदाही हरवलं नव्हतं हो.

(लॉस आंखेलेस दे सान राफाएल. डोंगराचा चढ, जुलैचं ऊन.)

आता हे ठिकाण. माद्रिदच्या बाहेर, सेगोव्हियाकडं, डोंगरातलं गोल्फ कोर्स. दर जुलैत सीझन सुरू व्हायच्या आधी टीम इथं येते आणि हा जो हिरवा चढ दिसतोय ना, तो पळत चढायचा, खाली यायचं, परत चढायचं. हे सगळं करून घेतो तो ऑस्कर ऑर्तेगा, उरुग्वेचा, सगळे त्याला 'प्रोफे' म्हणतात, म्हणजे आपल्याकडं सर म्हणतात तसं. करोडो युरोचे खेळाडू गवतावर आडवे पडलेत, कोणी ओकतंय, आणि सर शिट्टी वाजवतायत. नवीन आलेल्या खेळाडूला चोलोची टीम काय आहे हे इथंच कळतं, भाषण लागत नाही.

हे पळणं कशासाठी, ते आता वरच्या कॅमेऱ्यातनं बघा. चार डिफेंडर, चार मिडफिल्डर, पुढं दोन स्ट्रायकर. दोन ओळींमधलं अंतर बघा, मधे समोरच्याला वळायला जागाच नाही. बॉल डावीकडं गेला की आठच्या आठ जण डावीकडं सरकतात, लेझीमच्या पथकासारखे, एकाचा पाय चुकला तर सगळी रांग फसते. स्ट्रायकर सुद्धा खाली येऊन समोरच्याच्या मिडफिल्डरला धरून बसतात. मधली जागा बंद, बाजूनं या, क्रॉस मारा, आमचे मिरांडा आणि गोदिन हेडर मारून बाहेर काढतील. आणि बॉल हातात आला की तीन-चार पासमध्ये गोलपाशी. नाहीतर कॉर्नर. कॉर्नर आणि फ्री-किकवर ह्या लोकांनी इतकं काम केलं की कॉर्नर मिळाला तरी काल्देरॉनवर गोल झाल्यासारखी आरोळी उठायची. बेंचवर शेजारी असायचा जर्मान बुर्गोस, 'मोनो', अ‍ॅटलेटिकोचाच जुना गोलकीपर. अशा खेळाला निगेटिव्ह फुटबॉल म्हणणारे खूप आहेत, आम्ही त्यातले नाही. बार्सिलोना आणि रिअलसारखे पैसे नसताना त्यांच्याशी बरोबरीनं भांडायचं तर हे इतकं नेमकं काम करावंच लागतं आणि ते बघायला पण फार सुंदर आहे, एकदा नुसता बॉल सोडून बाकीच्यांकडं बघा.

'पार्तिदो आ पार्तिदो'. एका वेळी एकच मॅच. हे वाक्य तो इतक्या वेळा बोललाय की माद्रिदमध्ये लहान पोरं पण म्हणतात.

2012, बुखारेस्ट, युरोपा लीग, म्हणजे युरोपातली दुसऱ्या नंबरची स्पर्धा, फाल्काओचे दोन गोल. त्याच वर्षी सुपर कपमध्ये चेल्सीला 4-1, फाल्काओची हॅटट्रिक. 17 मे 2013, कोपाची फायनल, तेच बेर्नाबेऊ, समोर रिअल, आधी रोनाल्डोचा गोल, मग दिएगो कोस्ता, मग एक्स्ट्रा टाइममध्ये मिरांडाचं हेडर. ती 1999 पासूनची गोष्ट तिथंच संपली. बॅनरवाल्यांच्या घरात.

(बार्सिलोनाचं स्टेडियम कॅम्प नोऊ, 17 मे 2014.)

बरोबर एक वर्षानं, लीगची शेवटची मॅच. आपल्याकडं आदल्या दिवशी लोकसभेचा निकाल लागलेला, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं, आणि तिकडं ही मॅच, ड्रॉ झाली तर अ‍ॅटलेटिको चॅम्पियन, हरली तर बार्सिलोना. पहिल्या अर्ध्या तासातच कोस्ता लंगडत बाहेर, मग अर्दा तुरान रडत बाहेर, आणि मग बार्सिलोनाच्या अलेक्सिसचा असा गोल. संपलं असं वाटलं होतं. हाफ टाइमनंतर चार मिनिटं, गाबीचा कॉर्नर, गोदिन.

इथं आम्ही बोलत नाही, तुम्ही बघा.

1-1. 90 पॉइंट, दोन्ही मोठ्यांचे 87-87. अठरा वर्षांनी लीग, आणि मागच्या वेळी खेळाडू म्हणून जो होता तोच आता काळ्या सुटात कोच. बार्सिलोनाचं पब्लिक उभं राहून टाळ्या वाजवतंय ते नीट बघा, असं रोज होत नाही.

सात दिवसांनी लिस्बन. चॅम्पियन्स लीग, युरोपातली सगळ्यात मोठी स्पर्धा, तिची फायनल, आपल्याकडं रात्री सव्वाबारा. समोर रिअल. गोदिनचा गोल, 36 वं मिनिट, आणि मग एक तास ती आघाडी टिकवली. 93 व्या मिनिटाला रिअलच्या रामोसनं बरोबरी केली. मग एक्स्ट्रा टाइममध्ये पाय संपले, 4-1. हा चोलो मैदानात घुसलाय, रिअलच्या वरानवर धावून जातोय, रेफरीनं बाहेर काढलं त्याला. ह्या क्लबला 1974 च्या फायनलमध्ये पण बायर्ननं एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी असंच गाठलं होतं. तेव्हा अ‍ॅटलेटिकोचा गोल लुईस आरागोनेसचा होता, जे पुढं ह्याच क्लबचे कोच पण झाले, आणि ते ह्याच 2014 च्या फेब्रुवारीत वारले. लिस्बननंतर टीमचं काय झालं, तर कोस्ता, गोलकीपर कुर्त्वा, फिलिपे लुईस तिघंही चेल्सीत.

2014 च्याच डिसेंबरमधली आपल्याकडची एक क्लिप राहायला नको. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, पहिल्या इंडियन सुपर लीगची फायनल. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची टीम आहे ती अ‍ॅटलेटिको दे कोलकाता, माद्रिदचा क्लब तिच्या मालकांपैकी एक होता. शेवटच्या क्षणी रफीकचा गोल आणि केरळ हरलं. नवी मुंबईत ते पट्टे जिंकताना बघितलेली बरीच पोरं पुढं रात्री जागून माद्रिदच्या मॅच बघायला लागली.

(मिलान, सान सिरो, 2016.)

चॅम्पियन्स लीगची दुसरी फायनल. वाटेत बार्सिलोना आणि बायर्न दोघांना काढून आलेले. परत रिअल, परत रामोसचा गोल. ग्रिझमनची पेनल्टी बारला लागली. कारास्कोनं बरोबरी केली. पेनल्टी शूटआउट, हुआनफ्रानचा बॉल पोस्टला लागला.

खरा प्रश्न ह्या रात्रीनंतरचा आहे. चोलो म्हणाला की आता विचार करायची वेळ आलीय. सगळ्यांना वाटलं गेला. इंटर होतं, इंग्लंडचे क्लब होते. त्या सप्टेंबरमध्ये त्याचा करार 2020 वरनं कमी करून 2018 वर आणला, म्हणजे दार उघडं ठेवलं होतं त्यानं. वर क्लबवर फिफाची बंदी आलेली, 2017 मध्ये नवीन खेळाडू नोंदवता येणार नव्हते. महत्त्वाकांक्षी माणसानं निघायला ह्याच्यापेक्षा चांगली वेळ नव्हती. तो राहिला. वर्षभरानं करार परत वाढवला.

का राहिला ह्याचं आमच्याकडं उत्तर आहे ते हे फुटेज. 10 मे 2017, काल्देरॉनमधली शेवटची युरोपियन मॅच, समोर रिअल, 2-1 जिंकली तरी दोन मॅचच्या एकूण हिशोबात बाहेर. पाऊस कोसळतोय. कोणी घरी जात नाहीये. हरलेली टीम, भिजलेलं स्टेडियम, आणि हे गातायत.

(मांझानारेस नदीचा काठ.)

काल्देरॉन इथं होतं. एका स्टँडच्या खालनं एम-30 हायवे जायचा, गाड्या अक्षरशः प्रेक्षकांच्या पायाखालनं. 2020 पर्यंत सगळं पाडलं. नवीन घर शहराच्या पूर्वेला, मेट्रोपोलितानो, 2017 पासून. बाहेर फरशीवर ह्या पाट्या बघा, क्लबसाठी शंभर मॅच खेळलेल्यांच्या. चोलोची पण आहे. कुर्त्वा रिअलला गेल्यावर त्याच्या पाटीवर लोकांनी खेळण्यातले उंदीर टाकले होते, म्हणजे हा गद्दार. राग समजतो आम्हाला. पण चोलो पण 1997 ला गेला होता की, मोठ्या लीगसाठी, मोठ्या क्लबसाठी. निष्ठा म्हणजे कधीच न जाणं असं ह्या माणसाच्या बाबतीत म्हणता येत नाही. तो गेला, बाहेर जिंकला, आणि जे शिकला ते इथं आणून ओतलं. फक्त त्याला जो चॅम्पियन्स लीगचा कप पाहिजे तो त्याला ह्याच पट्ट्यांमध्ये पाहिजे, आणि त्यासाठी तो थांबलाय. ह्याला महत्त्वाकांक्षा कमी पडली असं म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या कोणत्या कोचला एवढी वर्षं एका गोष्टीसाठी झगडताना बघितलंय ते सांगावं.

2018 ला ल्योंमध्ये परत युरोपा लीग. मग 2021 ची लीग, रिकाम्या स्टेडियममधली. बार्सिलोनानं नको म्हटलेला सुआरेझ, 21 गोल, शेवटच्या दिवशी वायादोलिदमध्ये जिंकवणारा गोल पण त्याचाच, आणि मॅचनंतर हा बघा मैदानात बसून फोनवर घरच्यांशी बोलतोय आणि रडतोय. 86 पॉइंट, रिअलचे 84. तोपर्यंत चोलोनं ती 4-4-2 सोडून मागं तीन डिफेंडर पण खेळवले होते, जे लोक म्हणतात तो बदलत नाही त्यांच्यासाठी सांगतोय.

एकूण आठ ट्रॉफी. 2012-13 पासून 2024-25 पर्यंत तेरा सीझन, एकदाही पहिल्या चारच्या बाहेर नाही. तेवढ्या काळात बार्सिलोनात विलानोवापासून फ्लिकपर्यंत आठ कोच झाले, हंगामी धरले नाहीत. आरागोनेस ह्यांचा क्लबचे कोच म्हणून सर्वात जास्त मॅचचा विक्रम चोलोनं 2023 मध्ये मोडला. 2021 नंतर मोठी ट्रॉफी नाही, पगार जगातल्या सगळ्यात मोठ्या कोचेसच्या रांगेतला, आणि ह्यावरनं टीका होते, स्टेडियममध्ये सुद्धा कुजबुज ऐकू येते.

(उजव्या विंगवर पळणारा खेळाडू.)

हा जुलियानो सिमिओनी. बाप काल्देरॉनवर कोच असताना हा टचलाइनला बॉल-बॉय होता. आता बापाच्या टीममध्ये उजवीकडनं पळतो, आणि कसा पळतो ते बघताय.

इंटरबद्दल चोलो लपवत नाही, कधीतरी तिथं कोच होईन असं त्यानं बऱ्याचदा सांगितलंय. होईलही. करार 2027 पर्यंतचा आहे, आणि आमचं मत विचाराल तर चॅम्पियन्स लीगचा कप हातात आल्याशिवाय तो स्वतःहून हे दार ओलांडणार नाही.