त्याले बोलाचंच नाई

श्रोते हो, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे गॅदरिंगची तालीम चालली होती. सहावी-सातवीच्या पोरांनी ठरवलं, नाटक आपणच रचायचं. फळ्यावर पात्रांची नावं लिहिली: सरपंच, डॉक्टर, पोलीस, टीव्हीवाली बाई, शेतकरी. पोलिसासाठी नऊ हात वर. टीव्हीवाल्या बाईसाठी सगळ्या पोरी भांडायला उठल्या. शेतकऱ्यासाठी एकही हात नाही. आणि वर्गातलं जवळपास प्रत्येक लेकरू शेतकऱ्याचं, नाहीतर मजुराचं.

मी विचारलं, काऊन रे? समोरच्या बाकावरचा पोट्टा म्हणाला, "मॅडम, त्याले बोलाचंच नाई. त्याले फक्त मराचं हाये."

मंडळी, त्या दिवशी मी पुढे काही शिकवू शकले नाही.

त्या पोराचा बाप जिवंत आहे. रोज सकाळी सहाला वावरात जातो, धुऱ्यावर उभा राहून फोनवर बाजारभाव विचारतो, रात्री पोराचा पाढा घेतो. पण पोरानं शेतकऱ्याची गोष्ट घरात नाही, पडद्यावर पाहिली. तिथे शेतकरी दिसतो तो एकाच वेळी, जीव दिल्यावर.

हे दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं पाप होईल. आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवलं, आणि आजही त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करतात. बातम्या झाल्या नसत्या तर २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले नसते, आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं नसतं. बातमीनं काम केलं. पण एकच गोष्ट चाळीस वर्षं त्याच चेहऱ्यानं सांगत राहिलं की ऐकणाऱ्याला वाटायला लागतं, या मुलखात दुसरं काही घडतच नाही. मग इथल्या पोराला मुलगी देताना लोक दहादा विचार करतात. आणि इथलं पोरही स्वतःकडे त्याच नजरेनं पाहायला लागतं.

आमच्या गावातल्या एका ताईचं सांगते. नवरा गेला त्याच्या तिसऱ्या वर्षी एका वाहिनीची गाडी आली. ताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला सांगितलं, भिंतीवरचा फोटो काढून हातात घ्या. मग सांगितलं, दारात बसा, पदर डोक्यावर घ्या, खाली बघा. बाई अर्धा तास बोलली. रात्री बातमीत तिचा एक शब्द नव्हता. चेहरा होता, वरून सारंगी होती, आणि बोलत होता दुसराच माणूस.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मॅडम, म्या त्याईले सांगतलं, चार एकरात कपाशी अन् तूर मीच पेरली. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे सहा चकरा झाल्या तेही सांगतलं. ते काऊन नाई दाखोलं? मी रडून नव्हती रायली, त्याईनं मले रडाले बसोलं."

तिला मदत हवी होती सातबाऱ्यावर नाव चढायला. बातमी पाहून लोकांना तिची दया आली, आणि फेरफार तसाच पडून राहिला.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, पात्र. नाटकातलं पात्र, आणि मदतीला पात्र. शेतकऱ्यानं जीव दिला की घरच्यांना सरकारकडून एक लाख रुपये मिळायचे, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार बँकेत ठेव. पण त्याआधी जिल्ह्याची समिती कागद पाहते आणि प्रकरणावर शिक्का बसतो: पात्र किंवा अपात्र. घरात शेती असावी, बँकेचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं कर्ज असावं, ते थकलेलं असावं. ज्यानं नातेवाइकाकडून हातउसने घेतले, ज्यानं ठेक्यानं दुसऱ्याचं वावर कसलं पण कागद केला नाही, त्याची गोष्ट या चौकटीत बसत नाही. आयुष्यभर निंदण-वेचणी केलेल्या बाईच्या नावावर वावर नसेल तर तिला शेतकरी म्हणताना कागदाची जीभ अडते. गोष्ट कशी सांगितली जाते यावर कुणाच्या चुलीवर काय शिजेल हे ठरतं, श्रोते हो. म्हणून मला हा विषय करमणुकीचा वाटत नाही.

आणि बोट फक्त शहराकडे दाखवून भागणार नाही. त्याच ताईला आपल्या गावानं काय म्हटलं? पांढऱ्या पायाची. हे कुठल्या वाहिनीनं नाही शिकवलं. ओट्यावर, पाणवठ्यावर, पोथीच्या कहाणीत आपणच पिढ्यान् पिढ्या सांगत आलो, की सून आली आणि घर बुडालं. भाव पडला, बोंडअळी आली, पाऊस तीन आठवडे दडून बसला, यातलं काही त्या कहाणीत नसतं. हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत. संक्रांतीला आम्ही काही जणींनी बोलावलं. दोन बाया उठून गेल्या, बाकीच्या बसल्या.

आता आमच्या बोलीचं. मालिकेत वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की समजून घ्यायचं, हा हवालदार असणार, आचारी असणार, नाहीतर वेंधळा पाहुणा. "मले" म्हटलं की मागून हशा. डॉक्टरीण वऱ्हाडी बोलताना मी तरी अजून पाहिली नाही. याचा परिणाम मी वर्गात पाहते. पाहुणे अधिकारी आले की हुशार पोरगी गप्प होते. उत्तर येत असतं, पण "मला" म्हणायचं की "मले" यातच ती अडकते. मीही वर्षानुवर्षं तिला आधी "मला म्हण" असं सांगत आले आणि उत्तर नंतर ऐकलं. आता आधी उत्तर ऐकते. ज्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, मराठी गद्याचा पहिला ग्रंथ, तो मुलूख आमच्यापासून लांब नाही. त्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. हे मी पोरांना सांगते तेव्हा ती एकमेकांकडे पाहतात, खरं का म्हणून.

रेडिओचं मला एक आवडतं. इथे कुणाला पदर घेऊन दारात बसवता येत नाही. इथे यायचं तर माणसाला बोलावंच लागतं.

तर ते नाटक. मी पोरांना एवढंच सांगितलं, शेतकरी मरणार नाही, आणि त्याचे संवाद तुम्ही घरी विचारून लिहून आणा. चार दिवसांनी वह्या आल्या. एकानं फवारणीचा पंप पाठीवर किती जड लागतो ते लिहिलं होतं. एकीनं आईची मजुरी बापापेक्षा कमी का, हा प्रश्न लिहिला, उत्तराची जागा कोरी. आणि "त्याले मराचं हाये" म्हणणाऱ्यानं बापासोबत बाजार समितीत जाऊन अख्खा प्रवेश आणला होता. शेतकऱ्याचं काम मग त्यानंच मागून घेतलं.

गॅदरिंगच्या रात्री तो बापाचा दुपट्टा खांद्यावर टाकून उभा राहिला. व्यापारी झालेला पोट्टा म्हणाला, ओलावा जास्त आहे, भाव पडेल. यानं पोत्यात हात घातला, मूठभर सोयाबीन तळहातावर घेतलं, एक दाणा दातानं फोडला आणि म्हणाला, "बाराच्या वर नाई. तुई मशीन चौदा काऊन दाखोते? दुसरी मशीन आण."

मंडपात मागच्या रांगेतून त्याचा बाप उठला आणि ओरडला, "आन म्हना दुसरी!"