श्वासांचा रकाना

(सांगली येथील वाचनालयात बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर एका निवृत्त नर्सिंग शिक्षिकेने दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात.)

अध्यक्ष महोदय, पालकहो आणि विद्यार्थीमित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘नर्सिंग : प्रवेश आणि यश’ असा विषय छापला आहे आणि तुमच्यापैकी बहुतेक जण त्यातल्या ‘प्रवेश’ या शब्दासाठी आला आहात, याची मला पूर्ण कल्पना आहे. प्रवेशाविषयी मी सांगणारच आहे. पण माईक हाती आलाच आहे, तर ‘यश’ या शब्दाविषयी बरीच वर्षे मनात असलेले आधी बोलून घेते.

नर्सिंगला का यायचे आहे, असे विचारले की ‘मला सेवेची आवड आहे’ हे उत्तर ठरलेले असते आणि ते देताना मुलगी बहुधा आईकडे बघते. आवडीला माझी हरकत नाही. मात्र रात्रपाळीत भरलेला वॉर्ड सांभाळताना ज्या दोन गोष्टींवाचून अडते, त्या म्हणजे नीट मोजता येणे आणि जे मोजले तेच लिहिणे. त्यांची चौकशी कोणी करत नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा सर्वांना ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगांनी अधिक सैनिक दगावले, हे त्यांनी आकडे आणि रंगीत आकृत्या मांडून सरकारला पटवले आणि 1858 साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना पहिली स्त्री सदस्य म्हणून निवडले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. दरवर्षी 12 मे रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, आपण दिवे लावतो. त्या दिवशी विद्यार्थ्यांकडून एखादा आलेखही काढून घ्यावा, अशी माझी जुनी सूचना आहे. ती अद्याप मान्य झालेली नाही, कारण आलेखाचा फोटो चांगला येत नाही.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येते. रुग्णाच्या कागदांमध्ये टीपीआर चार्ट असतो. त्यात तापमान, नाडी आणि श्वास यांची नोंद ठरावीक वेळाने करायची असते. तापमान थर्मामीटर सांगतो, नाडीचा आकडा हल्ली बोटाला लावलेले यंत्र दाखवते; श्वास मात्र घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. शिवाय आपण श्वास मोजत आहोत हे रुग्णाला कळले की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचे नाही आणि नजर हळूच छातीकडे वळवायची, असे आम्ही पहिल्याच वर्षी शिकवतो. हे मिनिट पुष्कळ ठिकाणी वाचवले जाते. एका रुग्णालयात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, मी विद्यार्थिनींना घेऊन गेले असता वॉर्डातल्या एकूण एक रुग्णांच्या श्वासाच्या रकान्यात सकाळ, दुपार, रात्र वीस हाच आकडा होता. दम्याचा रुग्ण वीस, हर्नियाचा रुग्ण वीस, आणि ज्याला आदल्या संध्याकाळी घरी सोडले होते त्याचाही रात्रीचा श्वास वीसच!

तुम्ही हसलात, ते बरे झाले. पुढचा भाग तितका हसण्यासारखा नाही. त्याच वॉर्डात पोटाची शस्त्रक्रिया झालेले एक आजोबा होते. त्यांना ताप नव्हता आणि ते बोलतही होते. ओव्हर घेताना, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती घेताना, ‘काही विशेष नाही’ असे सांगितले गेले. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने, जी जत तालुक्यातल्या मराठी शाळेतून आली होती आणि वर्गात इंग्रजी वाचताना हमखास अडखळायची, त्यांचे श्वास मोजले. ते अठ्ठावीस भरले. प्रौढ माणसाचे बारा ते वीस धरतात. तिच्या वरच्या वर्गातल्या मुलीने ‘चुकलं असेल, वीस लिही’ असा सल्ला दिला. तिने पुन्हा पूर्ण मिनिट मोजले, पुन्हा अठ्ठावीसच भरले, तेव्हा तिने तेच लिहिले आणि येऊन मला सांगितले. डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे काढला आणि न्यूमोनियाची सुरुवात असल्याचे निघाले. रुग्ण बिघडू लागला की पुष्कळदा श्वास आधी वाढतो आणि बाकीची लक्षणे मागून येतात. त्यामुळे खोटा वीस लिहिणे म्हणजे रुग्णाला मिळू शकणारा वेळच खाऊन टाकणे होय.

आपल्या भागात या आकड्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मिरजेत 1894 साली डॉ. वॉन्लेस यांचे रुग्णालय उभे राहिले आणि कर्नाटकाच्या सीमेपलीकडचे रुग्ण आजही मिरजेत येतात. आजी कानडीत दुखणे सांगते, नातू मराठीत सांगतो, केसपेपर इंग्रजीत असतो आणि या तिन्हींमधून सुखरूप पोहोचतो तो आकडाच. गणिताला घाबरणाऱ्यांनीही तसे घाबरू नये. पाचशे मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे असेल आणि संचातून एका मिलिलिटरला वीस थेंब पडत असतील, तर मिनिटाला साधारण बेचाळीस थेंब हवेत. हे शाळेतले त्रैराशिकच आहे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि तिच्यावर ‘प्रवेश’ हा शब्द दोनदा अधोरेखित केला आहे. तेव्हा भराभर सांगते.

बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. खुल्या गटाला 45 टक्के गुणांची अट आहे, राखीव गटांना ती शिथिल आहे आणि प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत सतरा वर्षे पूर्ण हवीत. जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही तीन वर्षांची पदविका असून कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही ती घेता येते. पुढे दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने तिच्यावरून पदवीही मिळवता येते. मागे बसलेल्या मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे.

बी.एस्सी.साठी राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात विज्ञानाच्या तीन विषयांबरोबर इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न असतात. अर्जाच्या तारखा फक्त कक्षाच्या संकेतस्थळावर बघा. शेजारच्या ताईच्या व्हॉट्सअॅपवर विसंबू नका. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच तपासा, कारण गुण असूनही जागा गेल्याची उदाहरणे बहुतेक त्या एका कागदापायीच घडतात.

महाविद्यालय निवडताना भारतीय नर्सिंग परिषद, महाराष्ट्र नर्सिंग परिषद आणि पदवीसाठी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांची मान्यता कागदावर मागून बघा. शिकण्याचे रुग्णालय कोणते आणि त्यात रुग्ण खरोखर असतात का, हे दुपारी ओपीडी संपल्यानंतर स्वतः जाऊन बघा. पहिल्या सत्रात अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी मराठी माध्यमाच्या मुलांना जड जाते. आकृती आधी आपल्या हाताने काढून मग इंग्रजी परिच्छेद वाचला, तर ते निम्म्याने हलके होते.

शुल्क, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह हे विषय राहून गेले. त्यांच्यासाठी मी बाहेर पायऱ्यांपाशी थांबते; येताना गुणपत्रिकेची प्रत आणा आणि शक्य तर प्रश्न मुलांनीच विचारावेत.