स्पर्श तेवढा माणसाचा

(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

रोजच्या व्हीपीएन (घरून कार्यालयाच्या जाळ्याशी जोडणारा सुरक्षित मार्ग) लॉगिनचा त्रास सहन न करणाऱ्या माणसाला आपल्याकडे आळशी ठरवले जाते. मी तो आरोप आनंदाने स्वीकारतो, कारण आजचे व्याख्यान त्याच आळसाच्या समर्थनार्थ आहे.

एका जुलैमध्ये लोकल बंद पडल्यामुळे मी आठवडाभर ठाण्याहून काम करत होतो. वीज लुकलुकली की व्हीपीएन तुटत असे आणि पासवर्डनंतर पुन्हा सहा आकडी कोड मागत असे. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला असल्याने पोळ्या लाटता लाटता आईच मला आकडे वाचून दाखवी आणि मी चौथ्या आकड्यापर्यंत पोहोचतो तोच आतून आवाज येई, "अरे, बदलले रे!" तो कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, हे २०११ साली प्रसिद्ध झालेला अशा कोडांचा तांत्रिक दस्तऐवज, आरएफसी ६२३८, न वाचताही आईला ठाऊक झाले होते. त्या आठवड्यात ती आमच्या कंपनीच्या सुरक्षाव्यवस्थेचा बिनपगारी घटक होती. (आपण हसता आहात, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे घटक असावेत.)

वैतागून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे माझ्याऐवजी लॉगिन करणारा छोटा प्रोग्राम, लिहिली. ज्या गुप्त बीजापासून हे कोड तयार होतात, ते बीज मी तिच्यातच पासवर्डशेजारी लिहून ठेवले. तीन आठवडे मी स्वतःवर खूश होतो. मग लक्षात आले, की लॅपटॉप ज्याच्या हाती पडेल त्याला दोन्ही कुलपांच्या किल्ल्या एकाच खणात मिळतील. दोन घटकांची पडताळणी मी स्वतःच्या हाताने एका घटकावर आणून ठेवली होती.

यूबीकीसारखे हार्डवेअर टोकन, म्हणजे लॅपटॉपला लावायची छोटी सुरक्षा-किल्ली, इथे उपयोगी पडते. बीज टोकनमध्ये एकदा भरले की ते परत वाचता येत नाही. टोकनला स्वतःचे घड्याळ नसते, म्हणून लॅपटॉप त्याला वेळ कळवतो आणि ते आतल्या आत गणित करून फक्त कोड बाहेर देते. ओपनकनेक्ट या व्हीपीएन जोडून देणाऱ्या प्रोग्राममध्ये असा कोड थेट टोकनकडून घेण्याची सोय आहे, त्यामुळे फोन, डोळे आणि आई या तिघांनाही सुट्टी मिळते.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहू लागले आहेत, तेव्हा ज्यासाठी आपण जमलो ते आता घाईने सांगतो. बीज भरतानाच 'स्पर्श आवश्यक' (टोकनला बोट लावल्याशिवाय कोड नाही) हा पर्याय निवडावा, कारण तो नसेल तर टोकन लॅपटॉपला लावून ठेवलेले असताना आत शिरलेला कोणताही उपद्रवी प्रोग्राम आपल्या नकळत हवे तितके कोड काढून घेऊ शकतो. टंकलेखनाचे काम यंत्राकडे सोपवा, संमती मात्र बोटाकडेच ठेवा, एवढाच माझा आग्रह आहे.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये न लिहिता संगणकाच्या कुलूपबंद संग्रहात ठेवावा. जोडणी तुटल्यावर स्क्रिप्टने तोच कोड पुन्हा पाठवू नये, कारण एकदा स्वीकारलेला कोड सर्व्हरने पुन्हा स्वीकारायचा नसतो आणि हट्टी स्क्रिप्टमुळे खातेच गोठण्याची शक्यता असते. बनावट लॉगिन पानावर आपण स्वतः भरलेला कोड टोकनमधून आला म्हणून सुरक्षित ठरत नाही. त्यावर एफआयडीओ२ ही फक्त खऱ्या संकेतस्थळालाच उत्तर देणारी लॉगिनची पद्धत हा अधिक चांगला उपाय आहे, पण त्याला सर्व्हरची साथ लागते.

आणि टोकन दोन घ्यावीत, दोन्हींत बीज एकाच बैठकीत भरावे, कारण पहिले हरवल्यावर त्यातले बीज दुसऱ्यात उतरवता येत नाही. माझे दुसरे टोकन आईच्या कपाटात असते.