नावाला बंदी, चेहऱ्याला नाही

श्रोतेहो, नमस्कार.

अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं एदो, म्हणजे आजचं टोकियो. असाकुसाच्या देवळाजवळ नानिवाया नावाचं चहाचं दुकान होतं आणि तिथे ओकिता नावाची मुलगी गिऱ्हाइकांना चहा द्यायची. चित्रकार कितागावा उतामारोने तिचा चेहरा कागदावर उतरवला आणि ओकिता शहरभर झाली. लाकडी ठशांवरून छापलेली ही चित्रं साध्या माणसालाही परवडायची, त्यामुळे ती हातोहात खपली.

हे शोगुनच्या, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, कारभाऱ्यांच्या डोळ्यांवर आलं. १७९३ साली हुकूम निघाला: गणिका सोडून इतर कुठल्याही बाईचं नाव चित्रावर छापायचं नाही.

आता उतामारोची पळवाट ऐका. चित्राच्या वरच्या बाजूला एक छोटी चौकट. तिच्यात पालेभाजीच्या दोन जुड्या, एक बाण, समुद्र आणि भातखाचर. जपानीत भाजी म्हणजे ‘ना’, दोन जुड्या ‘निवा’, बाण ‘या’, खोल समुद्र ‘ओकी’ आणि खाचर ‘ता’. लावा सलग: नानिवाया ओकिता! कारभाऱ्यांना हे कळायला वेळ लागला खरा, पण १७९६ मध्ये कोड्यांवरही बंदी आली. १८०० साली तर बायकांचे मोठे चेहरे काढायलाच मनाई झाली, आणि उतामारोचं नाव झालं होतं ते त्याच चेहऱ्यांवर.

खरं तर या चित्रांत त्याच्या एकट्याचा हात नव्हताच. त्याचं रेखाटन पातळ कागदावर असायचं. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवायचा आणि रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढत जायचा. मूळ चित्र त्यातच संपायचं. कपाळावर केस जिथे सुरू होतात ती जागा मात्र हाताखालच्या पोरांना मिळत नसे, तिथे मुख्य कारागीरच बसायचा. एकेक केस म्हणजे लाकडाचा उभा राहिलेला धागा, पटाशी जरा घसरली की गेला. मग रंगागणिक वेगळा ठसा आणि कधी पार्श्वभूमीला अभ्रकाची चमक.

योशिवारा या एदोतल्या गणिकांच्या वस्तीतली चित्रं बघताना मात्र मी जरा अडखळतो. रेशमी किमोनो, निवांत बसणं, सगळं सुरेख. पण त्या वस्तीभोवती खंदक होता आणि आतल्या कितीतरी मुली घरच्यांच्या कर्जापायी लहानपणीच विकल्या गेलेल्या होत्या. ही चित्रं त्या धंद्याची जाहिरातही होती, हे विसरून चालत नाही.

आणि एवढे हुकूम चुकवणारा उतामारो १८०४ मध्ये अडकला तो कशात? दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या हिदेयोशी या सत्ताधीशाला बायकांच्या घोळक्यात चेरीचा बहर बघताना दाखवलं म्हणून! शिक्षा झाली पन्नास दिवसांच्या हातकड्यांची.