पावसाळ्यापूर्वीची छाटणी आणि झाडांवरची घरटी

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना अर्धा सरला की आपल्या शहरांत, रस्त्यांच्या कडेला आणि गृहसंस्थांच्या आवारांत, फांद्यांची छाटणी सुरू होते. वादळी पावसात फांद्या मोडून माणसे जखमी होतात, प्रसंगी प्राणही गमावतात, विजेच्या तारा तुटतात. त्यामुळे छाटणी आवश्यक आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझे म्हणणे तिच्या वेळेविषयी आहे, कारण याच दिवसांत त्या फांद्यांवर अंडी उबत असतात किंवा पिल्ले वाढत असतात.

आपल्याकडे सर्व पक्ष्यांची वीण एकाच हंगामात होत नाही. घार थंडीतच घरटे बांधू लागते, तांबट आणि बुलबुल उन्हाळ्यात, तर कावळा पावसाच्या तोंडावर. कावळ्याचे घरटे कोणत्या झाडावर आणि किती उंच आहे, यावरून पाऊसमानाचा अंदाज बांधणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना ही वेळ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गायबगळे, वंचक, रातबगळे आणि पाणकावळे जून महिन्याच्या आसपास चिंच, पिंपळ, पर्जन्यवृक्ष अशा मोठ्या झाडांवर वसाहत करतात. अशा एकाच झाडावर डझनावारी घरटी असू शकतात. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या रुंदीकरणासाठी असेच घरट्यांनी भरलेले झाड पाडण्यात आले, आणि कोसळणाऱ्या झाडाबरोबर आपटून मेलेल्या पिल्लांची चित्रफीत देशभर पाहिली गेली.

लहान पक्ष्यांची हानी मात्र कोणाच्या नजरेस येत नाही. तांबट वाळलेल्या फांदीच्या खालच्या बाजूस गोल भोक कोरून आत अंडी घालतो, आणि वाळकी म्हणून नेमकी तीच फांदी सर्वांत आधी उतरवली जाते. मेंदीच्या किंवा कोयनेलच्या कुंपणात बुलबुलाची वाटी माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असते. शिंपी पक्षी तर पानेच शिवून घरटे करतो. यंत्राने कुंपण सरळ कापताना घरटे वाचले, तरी भोवतीचा पाला गेल्यामुळे ते ऊन, मांजर आणि कावळा यांच्यापुढे उघडे पडते. बुलबुलाची अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्ले उडायला तेवढाच काळ लागतो. एवढ्यासाठी कुंपणाचा तेवढाच भाग महिनाभर न कापल्याने कोणाचे काही अडत नाही. बगळ्यांच्या वसाहतीला मात्र सुमारे दोन महिने द्यावे लागतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे यांचाही समावेश आहे. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठी झाडांच्या जतनाचा १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण छाटणीची परवानगी हाती आली म्हणजे घरटे मोडण्याची मुभा मिळाली, असा अर्थ कोणी घेऊ नये.

खरा उपाय वेळापत्रक बदलण्याचा आहे. कोकणातले शेतकरी भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, कवळ (झाडांच्या पानांसकट फांद्या) तोडतात ते थंडीच्या दिवसांत. शहरातली नेहमीची छाटणीही नोव्हेंबर ते जानेवारी या काळात उरकता येईल. पावसाने कमकुवत केलेल्या फांद्या तेव्हा ओळखू येतात आणि बहुतेक पक्ष्यांची वीण आटोपलेली असते. घारी-घुबडांची घरटी तेवढी तेव्हाही पाहावी लागतील. गृहसंस्थांनी हा विषय दिवाळीनंतरच्या सभेत घ्यावा आणि ठेकेदाराच्या कार्यादेशात ‘घरटे दिसल्यास काम थांबवावे’ ही अट लेखी घालावी.

यंदा ज्यांचे काम तोंडावर आले आहे, त्यांनी आदल्या दिवशी सकाळी अर्धा तास झाडाखाली उभे राहून पाहावे. चोचीत काडी किंवा अळी घेऊन पक्षी पुन्हापुन्हा एकाच जागी जात असेल, तर तिथे घरटे आहे. धोकादायक नसलेली ती फांदी ठेवावी, बाकीचे काम करावे. फांदी खरोखरच मोडकळीला आली असेल, तर आधी वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिसे न फुटलेले पिल्लू खाली पडले आणि घरटे हाताशी असेल, तर ते अलगद परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. पिसे फुटलेले पिल्लू जमिनीवर उड्या मारत असेल, तर ते बहुधा उडायला शिकत असते. त्याला घरात न नेता फक्त कुत्र्यामांजरांपासून दूर, जवळच्या झुडपात ठेवावे.