एका कोडीचा हिशेब

[दृश्य: गेंडीगेटचा पतंगबाजार, संध्याकाळ]

जानेवारी उजाडला की बडोद्यात गेंडीगेटला पाय ठेवायला जागा उरत नाही. पतंग इथं कोडीवर मिळतात. कोडी म्हणजे वीस. दांडिया बाजारातली एक अकरा वर्षांची मुलगी काकाबरोबर आलीय. भाऊबीजेच्या ओवाळणीतले ८० रुपये मुठीत. एक कोडी घेते, थेट घर गाठते.

[दृश्य: वाड्यातला जिना, मांडीवर पतंग]

पतंगाला किन्ना बांधायचा, म्हणजे दोन कामट्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं दोन भोकं, खाली शेपटीकडे दोन, आणि दोऱ्याची गाठ. वरचा दोरा किंचित लांब राहिला, तर पतंग गिरक्या खात खाली येतो. तिचा हात बसलाय. किन्ना बांधलेला पतंग ६ रुपयांना. पहिल्या दिवशी चार जातात, उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी एकदम अकरा.

पाच उरतात. उत्तरायण सरलं की पतंगाला कोण विचारतो? निदान दुकानदार तरी नाही.

[दृश्य: स्वयंपाकघर, आजी शेंगा सोलतेय]

“आजी, नव्वद आले! दहा रुपये नफा!”

“आणि दोऱ्याची रीळ?”

“ती काकानं फुकट दिली.”

“तुला फुकट. दुकानाला नाही.”

रीळ १५ रुपयांची. दहाचा नफा पाचाचा तोटा होऊन बसतो. पोरगी फुरंगटते, पण काकाचे पंधरा मोजून देते. घरात मुलांचं दुकान मांडलं की आपण सगळे हेच करतो: साखर आईची, रंग बाबांचे, आणि कौतुक मात्र नफ्याचं.

रात्री ती वहीत पुढच्या वर्षाचं लिहिते. पतंग विकत घ्यायचेच नाहीत. पतंग गिऱ्हाइकाचा, दोराही त्याचाच. किन्ना बांधायचा १ रुपया. उरायला काही नाही, फाटायलाही नाही.

[दृश्य: मांडवी दरवाजा, सकाळ]

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि दोनच वर्षांनी, २० जुलै १९०८ रोजी, याच मांडवीत बँक ऑफ बडोदा सुरू झाली. अक्षरओळख आणि पैशाची ओळख, पाठोपाठ.

मुलाचं खातं म्हणजे बाबांची सही, असं आपण धरून चालतो. पण दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच बँकांना दिली. मर्यादा बँक ठरवते. शिल्लक असेल तेवढंच काढता येतं, उधारी नाही.

[दृश्य: बँकेचा काउंटर]

स्लिपवर ७५ रुपये. सहीच्या रकान्यावर पेन अडतं. ती मागं वळून आजीला विचारते, “मराठीत करू की गुजरातीत?”